नाही म्हणणारी पागा

मराठी माणसाची घोड्याशी पहिली ओळख बहुधा थंड हवेच्या ठिकाणी होते. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यावर, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर. घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, आपण खोगिराची कड घट्ट पकडून बसतो, घरचे फोटो काढतात आणि अर्ध्या तासात सगळं आटोपतं. या फेरीत घोडा चालवतो तो घोडेवाला. आपण नुसतं ओझं असतो. त्यानं लगाम सोडून आपल्या हातात दिला की मग घोडेस्वारी सुरू होते.

घोडेस्वारीची शाळा निवडायची तेव्हा मुळात हेच पाहायचं असतं: लगाम तुमच्या हातात कधी द्यायचा आणि कधी द्यायचा नाही, हे ठरवण्याची समज तिथल्या माणसांना आहे का? मोटार शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर तो दाबता येतो. घोड्याला तसा दुसरा ब्रेक नसतो. त्याची जागा घोड्याचा स्वभाव, मैदानाचं कुंपण आणि शिकवणाऱ्याचं भान या तीन गोष्टी घेतात. त्यामुळे मागाल ते हसतमुखानं देणाऱ्या शाळेपेक्षा वेळेला ‘नाही’ म्हणणारी शाळा बरी. ‘आज हा घोडा मिळणार नाही, त्याला विश्रांती आहे.’ ‘पाऊस झालाय, मैदान निसरडं आहे, आज पागेतलं काम शिकू.’ ‘कँटर, म्हणजे दुडकीपुढची धाव, अजून नाही.’ ही वाक्यं ऐकू आली तर आपण बरोबर ठिकाणी आलो आहोत असं समजायला हरकत नाही.

आधी हेतू ठरवा

‘शिकायचंय’ एवढं सांगून भागत नाही. सुट्टीत राजस्थानात किंवा हिमालयात घोड्यावरून भटकंती करायची असेल, तर चाल, दुडकी, थांबणं, वळणं आणि चढ-उतारावर तोल सांभाळणं इतकं पुरतं. मुलाला प्राण्यांची सवय आणि धिटाई यावी असं वाटत असेल, तर पागेत पुरेसा वेळ देणारी शाळा हवी. सहा-सात वर्षांच्या आधी मुलांचे पाय, पाठ आणि लक्ष या कामाला सहसा तयार नसतात. त्याहून लहान मुलाला ‘लगेच घेतो’ म्हणणाऱ्याला ‘घेऊन काय करणार’ हे जरूर विचारा. तो तट्टावर बसवून हातानं फिरवणार असेल तर ठीक, पण त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

स्पर्धेत उतरायचं असेल तर हिशोब बदलतो. भारतात या खेळाचा कारभार इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि अडथळ्यांवरच्या उड्या असा तिहेरी प्रकार) वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं. २०१८ मध्ये जकार्ताला फवाद मिर्झानं त्याच प्रकारात रौप्य मिळवलं. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या आखीव, नियंत्रित हालचालींचा प्रकार) संघानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा घोडेस्वारीत देशाला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळत होतं. त्या संघातल्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. चौघांनीही युरोपात राहून वर्षानुवर्षं सराव केला होता. म्हणजे जवळच्या शाळेकडून पदकाची हमी मागण्यात अर्थ नाही. तिच्याकडून पाया पक्का करून घ्यायचा. शाळेचे विद्यार्थी स्पर्धांना जातात का, ते कोणाच्या घोड्यावर उतरतात आणि शाळेचे शिक्षक स्वतः काय खेळले आहेत, हे मात्र विचारून घ्यावं.

पागेपासून सुरुवात करा

बहुतेक लोक आधी कार्यालयात जाऊन फी विचारतात. तुम्ही आधी पागा पाहा, आणि तीही सकाळचे वर्ग संपत आलेले असताना. घोडा मैदानातून आत आल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. चांगल्या पागेत घोड्याला थेट ठाणावर बांधत नाहीत. तंग सैल करून त्याला श्वास खाली येईपर्यंत चालवतात, खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवतात, उन्हाळ्यात अंगावर पाणी सोडतात, खूर उचलून खडे काढतात. घाम वाळायच्या आत त्याच खोगिरावर दुसरा विद्यार्थी चढताना दिसला, तर त्या शाळेचं वेळापत्रक घोड्याकडे न पाहता गल्ल्याकडे पाहून बनलं आहे.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची व्यवस्था आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि नाल ठोकणारा माणूस लढाऊ दलाच्या हिशोबात पक्का धरलेला होता. आजच्या शाळेलाही तेच प्रश्न विचारावेत. किती घोड्यांमागे किती मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारे, आहेत? नालबंद किती दिवसांनी येतो? खूर सतत वाढत असल्यामुळे साधारण पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर कापावे लागतात. ‘नाल निघाला की बोलावतो’ असं उत्तर मिळालं तर समजून जा. ग्रीक लेखक झेनोफोननं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडा पारखण्यावर लिहिलं, तेव्हा तपासणीची सुरुवात त्यानं पायांपासून आणि खुरांपासून करायला सांगितली होती. त्या सल्ल्यात आजही फरक पडलेला नाही.

मग गव्हाणीकडे पाहा. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान असतं आणि त्यात आम्ल सतत तयार होत असतं. निसर्गात तो दिवसाचा बराच वेळ चरत असतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे खाण्यातली गडबड थेट पोटशुळावर जाते आणि पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेतू शकतो. चारशे किलोच्या घोड्याला रोज निदान सहा किलो तरी वाळलेलं गवत किंवा तसाच चारा लागतो. कोंडा, हरभरा, ओट हे त्यावरचं. दिवसाला पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गव्हाण रिकामी, बादली कोरडी आणि घोडा लाकडाची कड दातांत धरून हवा गिळतोय, किंवा एकाच जागी डावी-उजवीकडे डोलतोय, असं दृश्य अनेक ठाणांवर दिसलं, तर ते घोडे फार वेळ कोंडलेले आणि उपाशी राहतात, असा संशय घ्यावा.

घोडा काय सांगतो

घोडा विकत घ्यायला सारंगखेड्याच्या बाजारात गेलेला माणूस भोवरे मोजतो, पंचकल्याणी आहे का ते पाहतो, मारवाडीच्या कानांची टोकं जुळतात का ते न्याहाळतो. शिकाऊ स्वाराला यातलं काहीही लागत नाही. त्याला वयानं पोक्त, कामाला सरावलेला आणि थोडा आळशी वाटेल असा घोडा हवा. बारा-पंधरा वर्षांचा, खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी नवख्यासाठी उत्तम. न खच्ची केलेला नर दिसायला रुबाबदार असतो, पण शेजारून घोडी गेली की त्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. नवख्याच्या हाती तो देणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

मुंबई-पुण्याच्या शाळांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात. महालक्ष्मी आणि पुण्याचं रेसकोर्स जवळ असल्यामुळे ते साहजिक आहे. यातले काही पुढे फार गुणी शाळाघोडे बनतात. पण शर्यतीच्या घोड्याला लहानपणापासून पळायला शिकवलेलं असतं. तोंडावर लगामाचा ताण आला की अनेकदा तो थांबण्याऐवजी त्या ताणावर रेलून वेग वाढवतो. घाबरलेला नवखा नेमका लगामच ओढतो, आणि मग दोघांचाही गोंधळ होतो. म्हणून ‘हा शर्यतीतून कधी आला आणि त्यानंतर त्याला किती महिने नव्यानं शिकवलं?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचं नेमकं उत्तर शाळेकडे असायला हवं.

घोड्याच्या अंगावरही बरंच वाचता येतं. बरगड्या हाताला लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर आणि तंगाच्या जागी केस गेलेले किंवा कातडी सोललेली नसावी. तिथे पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते बहुधा न बसणाऱ्या खोगिराच्या जुन्या जखमांचे असतात. खोगीर आणताना बघताच घोडा कान मागे चिकटवतो, दात दाखवतो, पोट आखडतो, तर त्याला तिथे काहीतरी दुखतंय. दुडकीत चालताना मान दर पावलाला एकसारखी वरखाली झाली, तर पुढचा एक पाय लंगडतोय असं धरून चाला. दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना ती खाली येते. अशा घोड्यावर वर्ग चालू असेल तर पुढचं काही पाहायची गरज नाही.

लगामाचा तोंडातला भागही बघा. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये मोकळी जागा असते आणि लोखंड तिथे, म्हणजे जीभ आणि नाजूक हिरडीवर बसतं. काही ठिकाणी, विशेषतः लग्नात नाचवलेले घोडे शाळेत आणले असतील तर, काटेरी लगाम दिसतो. गाडीला जुंपलेल्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालच्या केंद्रीय नियमांनीच काट्यांना मनाई केली आहे. शिकाऊ माणसाचे हात तोल जाताच लगामाला लटकतात. त्या हातांच्या दुसऱ्या टोकाला काटे असणं घोड्यासाठी क्रूर आहे, आणि वेदनेनं उधळलेला घोडा स्वारासाठी धोक्याचा.

वजनाचा प्रश्न

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, आणि धंदा बुडेल म्हणून काही शाळा तो टाळतात. ढोबळ नियम असा की खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. चारशे किलोच्या घोड्यावर ऐंशी किलो. त्यात आठ-दहा किलोचं खोगीर धरलं तर स्वार सत्तरच्या आसपास असावा. भीमथडीसारख्या लहान चणीच्या तट्टांना हा आकडा आणखी खाली येतो. नवख्याच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं लागतं, कारण तोल न सावरता येणारा माणूस दुडकीच्या प्रत्येक पावलाला खोगिरावर आपटतो. नोंदणी करताना शाळा तुमचं वजन विचारत असेल तर राग मानू नका. तुमच्या जोगता घोडा नसेल तर ‘आमच्याकडे नाही’ असं तिनं सांगायला हवं.

उस्ताद कसा ओळखावा

आपल्याकडे घोडेस्वारी शिकवणाऱ्यांत सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ असतात. घोडदळ किंवा रिमाउंट आणि व्हेटरनरी कोअर ही त्यांची शाळा. काही जण ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षा देऊन आलेले असतात, काही स्पर्धांतून घडलेले. प्रमाणपत्र पाहावं, पण त्यावर थांबू नये. उत्तम स्वार चांगला शिक्षक असतोच असं नाही. त्याचा वर्ग कुंपणाबाहेरून पूर्ण वेळ बघावा. बघू देत नसतील तर निरोप घ्यावा.

वर्गात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत? नवखे असतील तर चार-पाचांच्या वर गेलं की शिक्षकाचं लक्ष फाटतं. तो नुसता ‘टाच खाली, पाठ सरळ’ ओरडतोय की ‘टाच खाली का’ हेही सांगतोय? टाच खाली राहिली तर पाऊल रिकिबीतून आरपार घसरत नाही आणि स्वाराचं वजन पायांत उतरतं. हे एकदा कळलं की माणूस टाच स्वतःहून खाली ठेवतो. चाबूक घोड्याला इशारा द्यायला वापरला जातो की राग काढायला? घोडा ऐकत नाही तेव्हा शिक्षक आधी स्वाराच्या बसण्यातली चूक शोधतो की घोड्याला शिव्या देतो? आणि मूल रडायला लागलं तर काय करतो? त्याला उतरवून घोड्याला खरारा करायला लावणारा शिक्षक ‘घाबरायचं नाही’ म्हणून पुढे रेटणाऱ्यापेक्षा जास्त शिकवून जातो.

सुरुवातीचे धडे दोरावर व्हायला हवेत. शिक्षक मध्ये उभा राहतो, ८-१० मीटरच्या दोराला घोडा बांधलेला असतो आणि तो त्याच्याभोवती गोल फिरतो. वेग आणि दिशा शिक्षकाकडे. स्वारानं फक्त बसायला शिकायचं, आधी खोगीर धरून, मग हात सोडून, मग रिकिबीशिवाय. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला लागली आणि दुडकीत उठबस जमली, की मग लगाम. कारण सोपं आहे: ज्याला हातांशिवाय तोल सांभाळता येतो, तोच लगाम आधारासाठी धरत नाही. हांगझोऊत सुवर्ण जिंकून देणाऱ्या ड्रेसाजचाही पाया हीच स्थिर बैठक आहे. ‘आठ दिवसांत घोडा पळवायला शिका’ अशी जाहिरात करणारी शाळा हा सगळा टप्पा गाळूनच तो शब्द पाळू शकते.

मैदान, ऋतू आणि सुरक्षा

ड्रेसाजसाठी २० बाय ४० किंवा २० बाय ६० मीटरचं मैदान प्रमाण मानतात. नवख्याच्या वर्गाला त्यातलं लहान मैदान पुरतं, पण ते चारी बाजूंनी बंद हवं. दरवाजा वर्गाच्या वेळी लावलेला हवा. जमीन वाळूची किंवा भुसभुशीत असावी, त्यात दगड किंवा तारेचे तुकडे नकोत. कोकण आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने काय करता, हे विचारा. छप्पर असलेलं मैदान थोड्याच ठिकाणी असतं. नसलं तरी चालेल, पण चिखलात वर्ग रद्द करायची आणि फी पुढे धरायची पद्धत असावी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी लवकर संपायला हवेत.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. क्रिकेटचं किंवा सायकलचं नाही, कारण पडण्याची उंची आणि लाथेचा मार त्यांच्या रचनेत धरलेला नसतो. आत ‘एएसटीएम एफ ११६३’ किंवा ‘पास ०१५’ असं मानक छापलेलं आहे का ते वाचा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बाद करायचं असतं. शाळेची हेल्मेट वापरणार असाल तर ती पडल्यावर बदलतात का, ते विचारा. स्वतःला बूट घ्यायचे तर गुळगुळीत तळ आणि साधारण इंचभर टाच असलेले. जाड, खाचा पाडलेल्या तळाचे स्पोर्ट्स शूज रिकिबीत अडकतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण लिदीत आणि पागेच्या मातीत त्याचे जंतू असतात. घोड्यांचं लसीकरण आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी केव्हा झाली, हेही विचारण्यात काही वावगं नाही. ग्लँडर्स घोड्यातून माणसाला होऊ शकतो आणि त्यावर लस नाही.

अपघात होणारच नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घोडेस्वारीत माणूस पडतो. प्रश्न असा की पडल्यावर काय करायचं हे ठरलेलं आहे का? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, जवळचं रुग्णालय कोणतं आणि वर्गाच्या वेळी गाडी हजर असते का, हे मोतद्दारालाही सांगता यायला हवं. जबाबदारी नाकारणारा फॉर्म सही करण्याआधी वाचून घ्या.

पैसा आणि वेळ

घोडा रोज खातो, तुम्ही रविवारीच येत असलात तरी. त्याला मोतद्दार आणि विश्रांती रोज लागते, नालबंद आणि डॉक्टर ठरावीक काळानं. म्हणून परिसरातल्या इतर शाळांपेक्षा निम्म्या फीत शिकवणारी शाळा कुठेतरी काटकसर करत असते, आणि ती बहुधा घोड्याच्या गवतात किंवा सुट्टीत असते. एका घोड्यावर दिवसाला किती वर्ग घेता आणि आठवड्यात त्याला पूर्ण सुट्टी कधी, हे दोन प्रश्न फीच्या तक्त्याबरोबरच विचारा. जास्त फी म्हणजे चांगली शाळा, असंही नाही. कधी ती जागेच्या भाड्याची आणि चहाच्या हिरवळीची असते. महालक्ष्मीला १९४२ मध्ये सुरू झालेल्या अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या जुन्या संस्थांत सदस्यत्व, प्रतीक्षा आणि नियम असतात. नव्या खासगी शाळांत प्रवेश सोपा असतो. दोन्हींकडे आधी मोजकेच वर्ग घ्या. वीस वर्गांचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका.

आणि अंतर मोजा. आठवड्यातून दोनदा जाता येईल अशी साधी शाळा महिन्यातून एकदा गाठता येणाऱ्या नामांकित शाळेपेक्षा जास्त शिकवते. शरीराला तोल सवयीनं येतो, आणि सवयीला खंड सोसत नाही.

तीन-चार महिन्यांनी स्वतःची परीक्षा घ्या. घोड्याला तुम्ही स्वतः लगाम चढवता का? खूर उचलून साफ करता येतात का? दुडकीत लगामाला न लटकता उठबस जमते का? आणि घोडा आज नेहमीसारखा नाही, हे खोगीर चढवायच्या आधी तुमच्या लक्षात येतं का? यातलं बरंचसं होत असेल तर शाळा योग्य आहे, वर्ग कितीही हळू चालले तरी. तुम्ही अजून फक्त चढता, फिरता आणि उतरता, घोड्याचं नावही माहीत नाही, आणि या काळात एकदाही कोणी तुम्हाला ‘आज नको’ म्हणालं नसेल, तर थंड हवेच्या ठिकाणच्या फेरीत आणि या वर्गात फार फरक उरलेला नाही. मग भरलेल्या पैशांचा विचार करत बसू नका, शाळा बदला.